वेशीवरचा फ्लेक्स आणि पहिला दावा

मंजुश्री कामकर हिच्या कार्यालयात जायचं तर आधी मागांच्या खोलीतून जावं लागतं. बेळगावच्या खासबागेतल्या त्या घराच्या तळमजल्यावर तिच्या वडिलांचे, मारुतीरावांचे, यंत्रमाग चालतात आणि जिना मागांच्या पलीकडे आहे. नवा माणूस दारात थबकतो. मारुतीराव बोट वर करून दिशा दाखवतात, कारण बोललेलं काही ऐकू येत नाही. वर पोचलेला माणूस पहिली दोन-चार वाक्यं ओरडूनच बोलतो. मंजुश्री त्याला पाणी देते आणि त्याचा सूर खाली येईपर्यंत थांबते.

ती पेटंट एजंट आहे. हे काम वकिलाचं असतं असा बेळगावात समज आहे. ती वकील नाही. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन तिने उद्यमबागेतल्या एका कारखान्यात काही वर्षं पंप तपासले, मग केंद्र सरकारची एजंटाची परीक्षा दिली आणि दुसऱ्या खेपेला ती पास झाली. नव्या शोधाचा अर्ज लिहायचा, चेन्नईच्या पेटंट कार्यालयाकडे पाठवायचा, तिथला परीक्षक ज्या हरकती काढेल त्यांना उत्तर द्यायचं आणि वेळ आली तर सुनावणीत बाजू मांडायची, असं तिचं काम असतं.

पण शोध काही रोज लागत नाहीत. रोज येतात ती नावं नोंदवायला आलेली माणसं. कुंदा विकणाऱ्या मिठाईच्या दुकानाचं नाव, निपाणीच्या तंबाखूच्या पुडीवरचं चित्र, शहापूरच्या साडीच्या काठाची नक्षी. एकदा दोन सख्खे भाऊ एकाच मसाल्याचं एकच नाव घेऊन एकाच सकाळी आले होते. एक वर बसला होता, दुसरा खाली मागांजवळ. मंजुश्रीने दोघांना समोरासमोर बसवलं. भांडण मिटलं नाही, पण मसाला शेवटी त्यांच्या आईच्या नावाने नोंदला गेला आणि तो अजून विकला जातो. अशा कामांवर तिचं बरं चाललं होतं. त्यामुळे बेळगावजवळच्या उचगावचा साईराज पावशे क्वांटम संगणकाचं काम घेऊन आला तेव्हा तिने आधी त्यालाच प्रश्न विचारला.

"बेंगळुरात एवढ्या मोठ्या मोठ्या फर्म हाईत. तू हिकडं कसा आलास?"

"तिथं गेलतो की. त्यांनी एका पोराला लिहायला बसवलं. त्यो म्हणाला, हे हेडफोनमध्ये बसतंय काय."

"आणि मला कळंल असं कुणी सांगितलं तुला?"

"कळंल असं न्हाय सांगितलं आक्का. कळंस्तवर सोडत न्हाईस असं सांगितलं."

साईराज तिशीतला. बेंगळुरूची नोकरी सोडून एका मित्राबरोबर त्याने छोटी कंपनी काढली होती. त्याचा विषय होता क्वांटम संगणकातला नॉइज कमी करणं. क्युबिट हा त्या संगणकाचा मूळ घटक. तो इतका नाजूक असतो की किंचित उष्णता, तारेतली वीज, शेजारच्या क्युबिटला दिलेला इशारा, कशानेही त्याचं गणित बिघडतं. या बिघाडाला नॉइज म्हणतात. त्यात कानाला ऐकू येण्यासारखं काही नसतं. हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट टिपून त्याच्या उलट लाट सोडता येते. इथे तसं करायला गेलं तर अडचण येते. काम करणाऱ्या क्युबिटकडे मध्येच पाहिलं की त्याचं काम तिथेच मोडतं. म्हणून शेजारी एक क्युबिट रिकामा ठेवतात. त्याला काम नसतं, आजूबाजूचा त्रास मात्र त्यालाही होतो. त्याला तपासायचं आणि त्यावरून बाकीच्यांची दुरुस्ती करायची.

इथपर्यंतचं जगाला माहीत होतं. साईराजची भर पुढे होती. रिकाम्या क्युबिटला सारखं तपासलं तर तपासणीचाच त्रास शेजाऱ्यांना होतो आणि उशिरा तपासलं तर हाती आलेली माहिती शिळी असते. त्याच्या पद्धतीत मागची दुरुस्ती किती चुकली हे मोजलं जातं आणि त्यावरून पुढची तपासणी कधी करायची ते यंत्रच ठरवतं. त्याच्या आकृतीत हा खाली उजवीकडचा शेवटचा चौकोन होता. त्यातून एक बाण निघून मागे जात होता.

मंजुश्रीला हे समजायला बरेच आठवडे लागले. जेवताना ती मारुतीरावांना सांगून पाहायची, कारण मोठ्याने सांगितलं की आपल्याला काय कळलेलं नाही ते तिला समजायचं.

"म्हंजे बाकीचे राबत्यात आणि ह्यो एकटा रिकामा बसलाय," मारुतीराव म्हणाले.

"व्हय अण्णा."

"पगार घेतोय काय?"

"सगळ्यांएवढाच खर्च हाय त्याचा."

"मग आपल्या सोसायटीचा चेअरमनच की."

अर्ज लिहायला घेण्यापूर्वी तिने साईराजला नेहमीचा प्रश्न विचारला होता. हे कुठे छापलंय का, कुठे भाषणात सांगितलंय का, प्रदर्शनात मांडलंय का, इंटरनेटवर टाकलंय का? पेटंट फक्त नव्या गोष्टीला मिळतं आणि अर्जाच्या तारखेपूर्वी जी गोष्ट लोकांसमोर आली ती कायद्याच्या दृष्टीने नवी राहत नाही. ती खुद्द संशोधकाने उघड केली असली तरी, काही मोजके अपवाद सोडले तर, सुटका नसते. साईराज नाही म्हणाला. चाचण्या त्याने परदेशातल्या एका विद्यापीठाच्या यंत्रावर केल्या होत्या, त्याही गुप्ततेचा करार करून. श्रावणात अर्ज दाखल झाला.

या अर्जावर साईराजचं पुढचं सगळं अवलंबून होतं. क्वांटम संगणकांची नियंत्रण यंत्रणा बनवणारी बेंगळुरूची एक कंपनी त्याची पद्धत वापरायला तयार होती, पण पेटंट मिळालं तरच. ती कंपनी आली तर साईराज उद्यमबागेत चाचणीची प्रयोगशाळा काढणार होता. जागाही बघून ठेवली होती. पेटंट नाकारलं गेलं तर पद्धत कुणालाही फुकट वापरता आली असती आणि साईराजला परत नोकरी शोधावी लागली असती, बेंगळुरूत किंवा त्याहून लांब.

परीक्षकाचा पहिला अहवाल आला तो कडक होता. रिकाम्या क्युबिटची कल्पना आधीच सांगणारी दोन परदेशी कागदपत्रं परीक्षकाने शोधून काढली होती. शिवाय हे नुसतं गणित आहे, आणि गणिताला पेटंट मिळत नाही, अशीही हरकत होती. मंजुश्रीला अहवाल वाचून बरंच वाटलं. हरकती नेमक्या होत्या, म्हणजे समोरच्या माणसाने अर्ज शेवटपर्यंत वाचला होता. पेटंटात आपली मालकी नेमकी कशावर आहे हे क्रमाने लिहितात, त्याला दावे म्हणतात. सगळं ओझं पहिल्या दाव्यावर असतं. तिने तो अरुंद केला. रिकामा क्युबिट आमचा नाही, तो पुढच्या वेळी कधी तपासायचा हे ठरवणारी यंत्रणा आमची आहे, आणि ती कागदावर नाही, क्युबिट थंड ठेवणाऱ्या शीतयंत्राला जोडलेल्या उपकरणात आहे, असं उत्तर तिने पाठवलं.

त्या उत्तरावर निर्णय व्हायच्या आत विरोध दाखल झाला. पेटंट कार्यालय अर्ज प्रसिद्ध करतं आणि पेटंट मंजूर होण्यापूर्वी त्याला कुणीही विरोध करू शकतो. आपला संबंध काय हे सांगावं लागत नाही. हा विरोध दिल्लीच्या पत्त्यावरून आला होता आणि खालचं नाव साईराजने कधी ऐकलं नव्हतं. सोबतच्या कागदांत शेवटी एक रंगीत फोटो होता.

फोटोत उचगावची वेस होती. वेशीवर फ्लेक्स होता. भगव्या रंगावर फेटा बांधलेला साईराज, चुलतबहिणीच्या लग्नातला. शेजारी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'क्वांटम कॉम्प्युटरचा आवाज बंद करणारे उचगावचे सुपुत्र चि. साईराज यांचे हार्दिक अभिनंदन'. मागे चौकोन आणि बाण असलेली आकृती. खाली शुभेच्छुकांचे चेहरे. गावच्या तरुण मंडळाने तो फोटो फेसबुकवर चैत्रात टाकला होता, म्हणजे अर्जाच्या आधी. फोटो लांबून काढलेला आणि धूसर होता. म्हणून विरोधकांनी जोडीला एक स्वच्छ आकृती काढून दिली होती: फलकावर दाखवलेली आकृती ती हीच. तिच्यात सगळे चौकोन होते, शेवटचासुद्धा.

मंजुश्रीने साईराजला फोन लावला.

"गावात तुझा फ्लेक्स लागलता?"

"लागलता की. आप्पानं लावलता, जत्रंच्या टायमाला."

"मी तुला इचारलतं न्हवं, कुठं छापलंय काय म्हणून?"

मग साईराज म्हणाला, "आक्का, फ्लेक्स म्हंजे छापलं होय?"

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. या भागात फ्लेक्सला कुणी प्रकाशन समजत नाही. दहावी पास झाल्यावर, नवी बुलेट घेतल्यावर, पंचायतीत निवडून आल्यावर, आजारातून उठल्यावर फ्लेक्स लागतो. लोक येता-जाता त्यावरचे चेहरे ओळखतात, कुणाचा फोटो मोठा आणि कुणाचा लहान यावर बोलतात. मजकूर वाचायची कुणाला गरज पडत नाही, कारण फ्लेक्स लागायच्या आधीच गावाला बातमी माहीत असते.

साईराजचा आप्पा म्हणजे त्याचा धाकटा चुलता, नागोजी पावशे. शेती आणि एक टेम्पो. गावात कुणाचंही काम अडलं की टेम्पोसकट हजर होणारा आणि ते काम झाल्याचं चार गावांना सांगणारा माणूस. मंजुश्री उचगावला पोचली तेव्हा तो ओसरीवर बसून होता. पुतण्याने फोनवर बरंच सुनावलेलं दिसत होतं.

"आकृती कुठनं मिळाली आप्पा तुम्हाला?"

"ह्या भिंतीवर काढलती त्यानं खडूनं. आपल्या आईला समजावून सांगत हुता. आईला काय कळलं न्हाय. मी फोटो मारून घेतला."

"आणि फ्लेक्सवर घातला."

"अर्धा गाव इचारतोय, पोरगं बेंगळुरात नक्की करतंय काय. कायतरी दाखवाय नको?"

"दाखवाय नकोच हुतं."

नागोजीने मान खाली घातली, पण फार वेळ नाही. "मंडळाची पोरं माझ्या ऐकण्यातली हाईत. आत्ता फोन लावतो, फोटो काढून टाकत्यात."

"काढायचा न्हाय. त्या दिल्लीवाल्यांनी आधीच उतरवून घेतलाय तो. आता काढला तर लपवतोय म्हणतील. मला फोटो नको. फ्लेक्स पायजे, अख्खा."

तिचा हिशेब सरळ होता. फ्लेक्स लोकांनी पाहिलाच नाही असं म्हणायची सोय नव्हती. उचगावच्या मळेकरणी देवीला मंगळवारी आणि शुक्रवारी सगळ्या बेळगावातून माणसं येतात, ती सगळी त्या वेशीतून गेली होती. पण शोध उघड झाला असं म्हणायला फलक लागणं पुरत नाही. त्या फलकावर पहिल्या दाव्यातला प्रत्येक भाग दिसायला हवा. शेवटचा चौकोन फ्लेक्सवर दिसत होता की नाही, एवढाच प्रश्न होता आणि धूसर फोटोवरून तो सुटत नव्हता. नागोजीलाही आठवत नव्हतं. फ्लेक्सवर कोण कोण होतं ते मात्र त्याला क्रमाने आठवत होतं.

उतरवलेला फ्लेक्स गावात वाया जात नाही. नागोजीने तो भावकीतल्या एकाला गोठ्यासाठी दिला होता. गोठ्यावर फ्लेक्स होता, पण तो खो-खोच्या संघाचा निघाला. साईराजवाला गावातल्याच शालूबाईंनी नेला, असं तिथे समजलं.

शालूबाईंच्या अंगणात भाताच्या पिंजराची, म्हणजे पेंढ्याची, गंजी होती आणि तिच्यावर, दोऱ्यांनी आवळून, फ्लेक्स. छापलेली बाजू आत होती.

"शालूकाकी, ह्यो फ्लेक्स पायजे हुता," नागोजी म्हणाला.

"कशाला? परत अभिनंदन करणार हाईस?"

"सरकारी काम हाय. चेन्नईला दाखवायचाय."

"आणि माझं पिंजर भिजलं तर चेन्नईची माणसं येणार हाईत वाळवाय?"

मंजुश्री पुढे झाली. "काकी, नवी ताडपत्री देते. ह्याच्यापेक्षा मोठी."

"चारी बाजूंनी खाली उतरायला पायजे."

"उतरंल."

"मग आधी ती आणा. मग ह्यो सोडा."

नागोजी टेम्पो घेऊन बेळगावला गेला. तो येईपर्यंत शालूबाईंनी मंजुश्रीला चहा दिला. छापलेली बाजू आत का ठेवली, असं मंजुश्रीने विचारलं. ऊन-पावसाने रंग जाऊ नये म्हणून, असं उत्तर येईल असं तिला वाटलं होतं.

"सकाळी उठून दार उघडलं की ह्या सगळ्यांची तोंडं," शालूबाई म्हणाल्या. "आधी चूळ तर भरू दे माणसाला."

त्यामुळे छपाई जशीच्या तशी राहिली होती. ताडपत्री आली, शालूबाईंनी ती स्वतः ओढून कोपरे तपासले, मग फ्लेक्स सोडवून अंगणात पसरला. मंजुश्रीने पिशवीतून अर्जातली आकृती काढली आणि एकेक चौकोन ताडून पाहिला. पहिला होता. दुसरा होता. रिकामा क्युबिट होता. दुरुस्तीचा चौकोन साईराजच्या फेट्याच्या मागे अर्धा दिसत होता. खाली उजवीकडे आकृती संपत नव्हती, तिच्यावर शुभेच्छुक सुरू होत होते. गोल चौकटीतले चेहरे, एकमेकांना चिकटून. शेवटच्या चौकोनाच्या जागी काळा चष्मा लावलेला नागोजी होता. बाण त्याच्या कानामागून बाहेर पडत होता. कुठून निघाला ते कळत नव्हतं.

"आप्पा, तुमचा फोटो हितं कुणी बसवला?"

नागोजीला वाटलं, आता आणखी एक चूक निघाली. "मीच. राजकुमार फ्लेक्सवाला म्हणत हुता, आप्पा, चित्र झाकतंय. मी म्हटलं झाकू दे की. चित्र कोण बघतंय? मोकळी जागा दिसली तर लोक म्हणत्यात, ह्यांच्याकडं माणसंच न्हाईत."

मंजुश्री हसायला लागली. शालूबाईही हसल्या, कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"झाकलं ते बरं झालं का वाईट?" नागोजीने विचारलं.

"लई बरं झालं आप्पा."

"बघा. आणि पोरगं मला बोलतंय."

काम एवढ्यावर संपलं नव्हतं. फ्लेक्स छापणारा राजकुमार शहापुरात बसतो. त्याच्या संगणकात मूळ फाइल होती. फ्लेक्समध्ये नंतर काही फेरफार केलेला नाही हे दाखवायला ती उपयोगी पडणार होती. अडचण अशी की नागोजीने भिंतीच्या आकृतीचा पूर्ण फोटो राजकुमारला पाठवला होता, म्हणजे शेवटचा चौकोन घराबाहेर एका माणसाने पाहिला होता. सुनावणीत हे विचारलं जाणार, हे धरून मंजुश्रीने आधी स्वतःच त्याला विचारलं: ती आकृती तू कुणाला दाखवलीस का?

राजकुमारला प्रश्न अपमानाचा वाटला. "ताई, इलेक्शनला दोन्ही पार्ट्यांचे फ्लेक्स माझ्याकडंच असत्यात. एकाचं दुसऱ्याला दिसलं तर मला दुकान बंद करून गावाला जायला लागंल. लागायच्या आधी गिऱ्हाइकाचं काम कुणाला दाखवत न्हाय. माझ्या बायकोला सुदीक न्हाय."

हे त्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, बायकोचा उल्लेख वगळून.

मग भाषांतर. कागदपत्रं मराठीत असतील तर सोबत इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं आणि ते पूर्ण असावं लागतं. अभिनंदनाचं वाक्य सोपं होतं. शुभेच्छुकांच्या नावांपुढच्या पदव्यांना वेळ लागला. एक जण गावचा ढाण्या वाघ होता, एक गोरगरिबांचा आधार, एक नुसताच 'आमचं काळीज'. मंजुश्रीने काही गाळलं नाही. गाळलं असतं तर विरोधकांनी काय गाळलं म्हणून विचारलं असतं.

सुनावणी व्हिडिओवर होती, दुपारच्या आधी. मारुतीरावांनी माग बंद केले आणि शेजारच्या दोन घरांत जाऊन त्यांनाही थांबायला सांगितलं. लेकीचं काम चेन्नईच्या साहेबांपुढे आहे एवढंच ते बोलले. माग थांबवून शेजारी काय चाललंय ते बघायला जिन्यात येऊन उभे राहिले. त्यांना परत पाठवण्यात काही मिनिटं गेली. साईराज आणि नागोजी मंजुश्रीच्या शेजारी बसले होते. नागोजीने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तोंड उघडायचं नाही असं त्याला तीन-तीनदा बजावलेलं होतं.

विरोधकांचे वकील तयारीचे होते. मंजुश्रीने पाठवलेले मूळ फ्लेक्सचे फोटो त्यांनी पाहिले होते, त्यामुळे चौकोन झाकलेला आहे हे त्यांनी मान्य केलं आणि दुसरी वाट धरली. बाण मागे जाताना दिसतो आहे, ते म्हणाले, त्यामागे काय असणार हे कुठलाही जाणकार ओळखेल.

मंजुश्रीने शांतपणे उत्तर दिलं. बाण मागे जातो, यावरून काहीतरी परत पाठवलं जातं एवढंच कळतं, आणि तेवढं जुन्या कागदपत्रांतही आहे. काय मोजलं जातं आणि त्यावरून काय बदललं जातं, हा शोध आहे. तो बाणावरून कळत नाही. मग तिने विरोधकांनीच काढून दिलेली स्वच्छ आकृती पडद्यावर घेतली. तिच्यात शेवटच्या चौकोनात एक पूर्ण वाक्य होतं. ते वाक्य फ्लेक्सवर कुठेच नाही, ती म्हणाली. साईराजने भिंतीवर चौकोनात नुसती खूण केली होती, राजकुमारच्या फाइलमध्येही तेवढंच आहे. हे वाक्य जगात एकाच ठिकाणी आहे, आमच्या प्रसिद्ध झालेल्या अर्जात. म्हणजे ही आकृती फ्लेक्स बघून काढलेली नाही, अर्ज वाचून काढलेली आहे.

वकिलांनी कागद चाळले आणि आपण लेखी म्हणणं देऊ असं सांगितलं.

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी छपाई करणाऱ्याबद्दल विचारलं. मंजुश्रीने राजकुमारचं प्रतिज्ञापत्र दाखवलं. मग त्यांनी विचारलं, चौकोनावर ज्यांचा फोटो आहे ते कोण?

"अर्जदाराचे चुलते. इथेच आहेत."

नागोजी उठून कॅमेऱ्यासमोर आला. अधिकाऱ्यांनी हिंदीत विचारलं, फोटो त्याच जागी का लावला?

"साहब," नागोजी म्हणाला, "जगा खाली था."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं.

निकाल यायला बरेच दिवस लागले. त्या काळात नागोजीला या विषयावर कुणाशीही बोलायची बंदी होती आणि त्याने ती पाळली, असं शालूबाईसुद्धा मान्य करतात. मंजुश्री तिच्या नेहमीच्या कामाला लागली. नव्या माणसाला विचारायच्या प्रश्नांत तिने एकाची भर घातली. निपाणीहून एक जण तंबाखूची पानं चाळायचं यंत्र घेऊन आला, तेव्हा तिने भाषण आणि प्रदर्शन यांच्याही आधी फ्लेक्सबद्दल विचारलं.

"अजून न्हाय," तो म्हणाला. "रविवारी लावणार हाय."

"आज फोन करून थांबवा."

"पैसे दिल्यात की हो."

"तुमचं नाव, फोटो, शुभेच्छुक, सगळं ठेवा. यंत्र काढा त्यातनं."

आदेश आला तेव्हा ती एका कुंदेवाल्याशी बोलत होती. तिने त्याला थांबायला सांगून आधी शेवटचं पान वाचलं, मग पहिल्यापासून. फलक अर्जापूर्वी लोकांसमोर होता हे खरं, असं आदेशात म्हटलं होतं. परंतु पहिल्या दाव्यातली मुख्य पायरी फलकावर दिसत नव्हती आणि उरलेल्या भागावरून ती कुणाला सुचली असती असं विरोधकांनी सिद्ध केलेलं नाही. गणिताची हरकतही मागे घेतली होती. विरोध फेटाळला होता. पेटंट मंजूर.

तिने साईराजला फोन केला. तो उद्यमबागेतच होता, जागेच्या मालकाकडे मुदत वाढवून मागायला गेलेला. आता मुदत नको, करारच करू, असं त्याने तिथल्या तिथे सांगितलं. बेंगळुरूच्या कंपनीने त्याच आठवड्यात होकार कळवला.

नागोजी दुसऱ्या दिवशी सकाळी खासबागेत आला, एकटाच. मागांच्या खोलीत मारुतीरावांना त्याने खुणेने नमस्कार केला आणि वर येऊन नेहमीप्रमाणे ओरडतच म्हणाला, "मला ती ऑर्डर वाचून दाखवा. माझं कुठं आलंय तेवढंच."

मंजुश्रीने तो परिच्छेद काढला आणि मराठीत सांगितला. आकृतीचा संबंधित भाग एका शुभेच्छुकाच्या छायाचित्राने पूर्णपणे झाकलेला होता.

"नाव?"

"नाव न्हाय आप्पा. एक शुभेच्छुक, एवढंच हाय."

नागोजीने ऑर्डरचा कागद स्वतःकडे ओढला. खाली मागांचा ठोका चालू होता. "नाव घालून द्या म्हणून अपील करता येतंय काय?"

"येतंय का न्हाय बघाय लागंल. पण आपण अपील केलं तर समोरचेपण काहीतरी काढतील. सगळं परत उघडंल."

"पेटंट पण?"

"ते पण."

नागोजी पाणी प्यायला आणि उठला. "मग ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "गावात सगळ्यांना म्हाईत हाय फोटो कुणाचा हुता ते."